टाकायच्या ढिगातच खर्चाचा हिशेब असतो

आपण दोन प्रश्न विचारले आहेत आणि ते एकमेकांपासून स्वतंत्र असल्यासारखे विचारले आहेत. पहिला असा, की आपण, यजमान, दोन मुले आणि सासूबाई अशा पाच माणसांच्या घरात पाय ठेवायला जागा उरलेली नाही. मागच्या महिन्यात सहा मोठे प्लॅस्टिकचे खोके आणून सगळे भरून ठेवले, तरी पंधरा दिवसांत घर पुन्हा होते तसे झाले. दुसरा असा, की दोघांचे पगार येऊनही शेवटच्या आठवड्यात ओढाताण होते आणि पैसे नेमके कुठे गेले ते कोणालाच सांगता येत नाही. जाता जाता आपण हेही लिहिले आहे, की सासूबाई काहीच टाकू देत नाहीत. लोकांची घरे आवरून देण्याचे आणि त्यांचे जमाखर्च बसवून देण्याचे काम मी बावीस वर्षे करते आहे. माझ्या मते हे दोन प्रश्न नसून एकच प्रश्न आहे. घरात काय आहे हे ठाऊक नसले की तीच वस्तू पुन्हा विकत आणली जाते, आणलेली वस्तू ठेवायला जागा नसते म्हणून ती कशाच्या तरी मागे सरकवली जाते, आणि मागे गेलेली वस्तू दिसत नाही म्हणून काही महिन्यांनी तिसऱ्यांदा आणली जाते. पसारा आणि तूट या एकाच गळतीच्या दोन बाजू आहेत, म्हणून घर आवरताना हातात केरसुणीच्या आधी वही असावी.

खोक्यांचे काय चुकले, ते आधी पाहू. जपानी कारखान्यांत रूढ झालेल्या ‘पाच एस’ या शिस्तीत ‘सेइरी’ म्हणजे लागणारे आणि न लागणारे वेगळे करणे ही पहिली पायरी आहे आणि ‘सेइतोन’ म्हणजे प्रत्येक वस्तूला जागा ठरवून देणे ही दुसरी. या दोन पायऱ्यांची अदलाबदल केली, की नको असलेल्या वस्तूंनाही हक्काची जागा मिळते. आपल्याकडे हेच घडले. निवड न करता भरलेला खोका म्हणजे झाकण लावलेला पसारा. शिवाय त्या खोक्यांवर पैसे गेले ते वेगळेच. आवरण्यासाठी काहीही विकत घ्यायचे असेल, तर ते सगळ्यात शेवटी आणि मापे घेऊनच घ्यावे.

म्हणून पहिला महिना काहीही टाकण्याचा नसून काहीही न आणण्याचा आहे. खाण्यापिण्याच्या आणि संपणाऱ्या वस्तू, औषधे, मुलांच्या शिक्षणाच्या आवश्यक वस्तू आणि खरोखर अडलेली दुरुस्ती एवढे सोडून बाकी खरेदी तीस दिवस थांबवावी, आणि ‘हे घ्यायला हवे’ असे वाटेल ते कागदावर तारखेसह लिहून ठेवावे. भरून वाहणाऱ्या मोरीत आपण आधी नळ बंद करतो आणि मग पाणी उपसतो, तसेच हे आहे. माझा अनुभव असा, की महिना संपल्यावर त्या यादीतल्या निम्म्याहून अधिक गोष्टींची आठवणही कोणाला नसते, आणि काही वस्तू तर आवरताना घरातच सापडतात.

आता प्रत्यक्ष आवरणे. आपण एका दिवसात उरकणारी पद्धत मागितली आहे. ती मी देणार नाही, कारण पाच माणसांचे घर एका दिवसात रिकामे होते पण लागत नाही, आणि रात्री दहा वाजता पलंगावर चढलेला ढीग बघून माणूस तो आहे तसा कपाटात परत कोंबतो. एका वेळी एकच खण घ्यावा, पाऊण तासाचा गजर लावावा आणि गजर झाला की हातातला खण पूर्ण करून थांबावे. गेल्या वर्षी एका घरात बैठकीच्या खोलीतल्या कपाटाचा वरचा खण मी जमिनीवर चादर पसरून उपडा केला. त्यातून चार कात्र्या निघाल्या, चिकटपट्टीची सात रिळे निघाली आणि त्यांतली तीन वेष्टनातूनही काढलेली नव्हती, सुकून दगड झालेल्या डिंकाच्या दोन नळ्या निघाल्या, चार्जरच्या अकरा वायरी निघाल्या आणि त्यांतल्या सहा घरातल्या कोणत्याच उपकरणाला बसेनात. पेन्सिल सेलची अर्धवट फोडलेली पाच पाकिटे होती. घड्याळ बंद पडले म्हणून त्या बाईंनी आदल्याच संध्याकाळी सेल विकत आणले होते आणि ते सहावे पाकीट त्याच खणात सगळ्यात वर ठेवले होते. चादरीवर मांडलेल्या त्या पाच पाकिटांकडे त्या बराच वेळ बघत राहिल्या. खर्चावर मी जे काही बोलणार होते, त्यातले बरेचसे मग बोलावेच लागले नाही.

खण रिकामा झाला, की बहुतेक लोक ‘ठेवायचे’ आणि ‘टाकायचे’ असे ढीग करतात. तसे करावेच, परंतु टाकायच्या ढिगातली प्रत्येक वस्तू घराबाहेर जाण्यापूर्वी वहीत एका ओळीत लिहावी आणि तिच्यापुढे ती घरात का आली होती ते लिहावे. माझ्या वहीत यासाठी चार शेरे असतात: ‘सापडेना’, ‘स्वस्तात’, ‘करू कधीतरी’ आणि ‘आपोआप आले’. आपली पहिली वस्तू हरवली म्हणून दुसरी आणली, तर ‘सापडेना’. गरज नव्हती पण सवलत होती, तर ‘स्वस्तात’. व्यायामाचे साधन, विणकामाच्या सुया, परभाषा शिकण्याची पुस्तके, थोडक्यात आपण जसे होऊ असे वाटले होते त्या माणसासाठी घेतलेल्या वस्तूंना ‘करू कधीतरी’. भेट, मोफत नमुना, कोणीतरी दिलेले जुने सामान यांना ‘आपोआप आले’. तीन-चार खण झाले, की वहीत एक शेरा बाकीच्यांपेक्षा ठळकपणे पुढे येतो, आणि आपले पैसे कुठे जातात या प्रश्नाचे निम्मे उत्तर तिथेच मिळते. रोजचा खर्च लिहून ठेवणारी माणसेही स्वतःशी थोडे खोटे बोलतात, पण टाकायच्या ढिगाला खोटे बोलता येत नाही.

उपायही शेऱ्याप्रमाणे बदलतो. ‘सापडेना’ जास्त असेल, तर खर्चाला कात्री लावण्याची गरजच नाही. एका प्रकारच्या सगळ्या वस्तू एकाच जागी आणणे पुरेसे आहे, म्हणजे सेल घरात एकाच डब्यात आणि तो डबा सगळ्यांना माहीत. ‘आपोआप आले’ जास्त असेल, तर दारातच ‘नको, आभारी आहे’ म्हणायला शिकावे लागते. ते अवघड जाते, पण त्याला पैसे पडत नाहीत. ‘स्वस्तात’ या शेऱ्याकडे मी खर्चाच्या भागात वळेन. ‘करू कधीतरी’ मात्र सगळ्यात दुखरा. तिथे वस्तूबरोबर एक संकल्पही टाकावा लागतो, आणि ‘एवढे पैसे घातले आहेत’ हा विचार हात धरून ठेवतो. पैसे विकत घेतले त्या दिवशीच गेले. वस्तू ठेवून ते परत येत नाहीत, उलट ती जागा अडवून बसते. आपल्या हातातली वस्तू आपल्याला जास्त मोलाची वाटते, हे प्रयोगानेही दाखवलेले आहे. डॅनियल काहनमन, जॅक नेट्श आणि रिचर्ड थेलर यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही जणांना कॉफीचे साधे मग दिले आणि बाकीच्यांना दिले नाहीत. ज्यांच्याकडे मग होता त्यांनी तो विकण्यासाठी मागितलेली किंमत, घेणारे द्यायला तयार होते त्या किमतीच्या सुमारे दुप्पट होती. मग तोच होता आणि तो मिळून काही मिनिटेच झाली होती. दहा वर्षे घरात असलेल्या वस्तूबद्दल आपले मन किती किंमत लावत असेल, याचा अंदाज यावरून करावा. म्हणून ‘हे कधी लागेल का’ असे न विचारता ‘आज हे घरात नसते, तर मी पैसे देऊन आणले असते का’ असे विचारावे. पहिल्या प्रश्नाला मन नेहमी होच म्हणते.

इथे एक इशारा द्यायला हवा. ‘वर्षभरात वापरले नाही ते काढून टाका’ हा सल्ला सर्वत्र दिला जातो आणि तो भरल्या खिशाच्या माणसासाठी ठीक आहे. हात आखडता असताना तो जसाच्या तसा पाळू नये. मोठ्या मुलाचे धड असलेले कपडे धाकट्याला दोन वर्षांनी होणार असतील, तर ते टाकून नवे घेणे म्हणजे नीटनेटकेपणासाठी दंड भरणे. हत्यारे, दुरुस्तीचे सुटे भाग, ऋतूनुसार लागणारी पांघरुणे यांनाही तो नियम लागू करू नये. मात्र अशा साठवणीला मर्यादा असावी. पुढच्या मापाचे कपडे एका खोक्यात मावतील तेवढेच, आणि खोक्यावर माप व वर्ष लिहिलेले. नाहीतर मूल त्या मापातून कधी पुढे गेले ते खोका उघडल्यावर कळते.

स्वयंपाकघरावर मी बाकी घरापेक्षा दुप्पट वेळ देते, कारण तिथला पसारा सडतो. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगभरात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यातला सुमारे ६० टक्के वाटा घरांचा होता. दुकाने आणि खानावळी त्यानंतर येतात. आपल्या घरचा वाटा मोजायचा असेल, तर दोन आठवडे टाकून दिलेल्या अन्नाची नोंद शीतकपाटाच्या दारावर लावलेल्या कागदावर करावी: काय, साधारण किती आणि का. कोणाला दोष देऊ नये, नाहीतर लोक लिहिणे थांबवतात. मग शीतकपाटाचा डोळ्यांसमोर येणारा एक कप्पा ‘आधी संपवा’ म्हणून ठरवावा आणि उरलेले, उघडलेले, मुदत जवळ आलेले सगळे तिथे ठेवावे. नवे आणलेले मागे आणि जुने पुढे, हा गोदामातला नियम घरातही तितकाच चालतो. शीतकपाटाचे तापमान ४ अंश सेल्सिअसच्या आसपास आणि अतिशीत कप्प्याचे उणे १८ असावे. आत ठेवायचा साधा तापमापक आणून एकदा खात्री करून घ्यावी, कारण बटणावरचे आकडे अंश नसतात. वेष्टनावर ‘यूज बाय’ असेल, तर ती सुरक्षिततेची तारीख असते आणि तिच्यापुढे जाऊ नये. ‘बेस्ट बिफोर’ ही दर्जाची तारीख असते, आणि नीट साठवलेला कोरडा माल त्यानंतर लगेच विषारी होत नाही. या दोन शब्दप्रयोगांतला फरक माहीत नसल्याने चांगला माल टाकणारी घरे मी कितीतरी पाहिली आहेत.

खरेदीची यादी दुकानात किंवा मोबाइलसमोर बसून न करता फळीसमोर उभे राहून करावी. मोठे पाकीट स्वस्त पडते की नाही ते वजनाने भागून पाहावे, कारण प्रत्येक वेळी तसे नसते. ‘स्वस्तात’ या शेऱ्याचे गणितही इथेच कळते: दहा टक्के सवलतीने मोठा साठा घेतला आणि त्यातला दहावा हिस्सा वाया गेला, तर वापरात आलेल्या मालाचा भाव मूळ भावाइतकाच पडतो, त्याहून जास्त वाया गेला, तर सवलतीने आपले नुकसान केले. दोनांवर एक मोफत ही सवलत तिसरी वस्तू लागत असेल तरच सवलत आहे.

आता शेवटच्या आठवड्यातली ओढाताण. आपण लिहिले आहे, की किराणा आणि भाजीपाल्यासाठी आठवड्याला ठरावीक रक्कम काढता आणि ‘चार आठवडे धरून’ महिन्याचा अंदाज बांधता. चूक इथेच आहे. वर्षात ५२ आठवडे असतात. महिन्याला चार धरले तर बारा महिन्यांचे ४८ होतात. उरलेल्या चार आठवड्यांचा खर्च आपल्या अंदाजात कुठेच नाही, पण तो होतो, आणि तो महिन्याच्या शेपटाला लागतो. आठवड्याच्या रकमेला ४.३३ ने गुणावे, म्हणजे महिन्याचा खरा आकडा मिळेल. यात उधळपट्टीचा संबंध नाही, भागाकाराचा आहे. हे समजल्यावर अनेक जोडप्यांमधला वाद तिथल्या तिथे मिटलेला मी पाहिला आहे.

दुसरी गळती वर्षातून एकदा येणाऱ्या खर्चांची. विम्याचा हप्ता, शाळेचे शुल्क, कर, उपकरणांची देखभाल, कपडे, प्रवास हे खर्च ‘अचानक’ येत नाहीत. त्यांची तारीख आधीपासून ठाऊक असते, फक्त ती आपण लिहिलेली नसते. बँकेची मागच्या बारा महिन्यांची विवरणे समोर ठेवून असे सगळे खर्च एका कागदावर मांडावेत, बेरजेला बाराने भागावे आणि तेवढी रक्कम पगाराच्या दिवशीच वेगळ्या खात्यात वळवावी. समजा ही बेरीज दोन महिन्यांच्या उत्पन्नाएवढी निघाली, तर दरमहा उत्पन्नाचा सहावा हिस्सा आधीच बोलून ठेवलेला आहे. तो खर्चायला मोकळा आहे असे समजून चालणारे घर तुटीत जाणारच.

क्रेडिट कार्डावर बाकी राहत असेल, तर बाकीच्या सगळ्या काटकसरीआधी तिच्याकडे बघावे. दरमहा ३ टक्के व्याज ऐकायला किरकोळ वाटते, परंतु ते व्याजावर व्याज धरून वर्षाला ४२ टक्क्यांहून अधिक होते, आणि दिवे मालवून, कूपने जमवून एवढी बचत कोणत्याही घरात होत नाही. अडीअडचणीसाठी थोडी रक्कम बाजूला ठेवून उरलेले सगळे बळ सर्वांत चढ्या व्याजाच्या देण्यावर लावावे. वीज-पाण्याचे सांगायचे तर मोजल्याशिवाय हळहळू नये. ठिबकणाऱ्या नळाखाली तासभर भांडे ठेवावे. अर्धा लिटर जमले, तर वर्षाचे सुमारे ४,४०० लिटर झाले, आणि कारण बहुधा झिजलेला वायसर असते. रोज पाच तास जळणारा ६० वॅटचा जुना दिवा काढून ९ वॅटचा एलईडी लावला, तर वर्षाला सुमारे ९३ युनिट वाचतात.

हिशेब कोणत्या अ‍ॅपमध्ये ठेवावा, असेही आपण विचारले आहे. ज्यात रोज लिहिले जाईल त्यात. जपानमध्ये हानी मोतोको यांनी १९०४ मध्ये घरखर्चाची छापील वही प्रसिद्ध केली. तिथे ‘काकेइबो’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अशा वह्या आजही हाताने भरल्या जातात. मी स्वतः कागदाच्या बाजूची आहे, कारण वही स्वयंपाकघरात उघडी पडून राहते आणि येता-जाता सगळ्यांच्या नजरेस पडते. परंतु यजमानांना मोबाइल सोयीचा असेल, तर त्यावर हट्ट धरू नये. रविवारी वीस मिनिटे दोघांनी एकत्र बसणे जास्त महत्त्वाचे.

सासूबाईंच्या बाबतीत मी आपल्याला माझीच एक चूक सांगते. कामाच्या पहिल्या वर्षी मी आमच्या घरातल्या माळ्यावरची एक धुळकट कापडी पिशवी आत नीट न बघता भंगारात दिली. तिच्यात मोठ्या पलंगाचे नट-बोल्ट होते. सासऱ्यांनी ते सोडवून, मोजून, गाठ मारून ठेवले होते. घर बदलल्यावर तो पलंग उभा करता येईना, त्या मापाचे बोल्ट मिळेनात, आणि शेवटी सुतार बोलवून नवी भोके पाडावी लागली. सासरे रागावले नाहीत, पण त्यानंतर कितीतरी महिने ते आपली प्रत्येक वस्तू मला दाखवून मग ठेवत असत. तेव्हापासून माझा नियम आहे, की दुसऱ्याची वस्तू त्याच्या देखत आणि त्याच्याच हाताने बाहेर जाते. सासूबाईंच्या कपाटाला हात लावू नये. आधी आपले कपाट, मग सामायिक जागा, आणि त्यांच्याकडे काही मागायचेच असेल तर मदत मागावी: यातले काय कामाचे आहे, हे तुम्हीच ओळखाल, सांगा. ज्यांनी टंचाईत संसार केला, त्यांची ठेवून देण्याची सवय त्या काळी शहाणपणाची होती, आणि न उघडलेल्या गाठोड्यात काय आहे हे पुष्कळदा फक्त त्यांनाच ठाऊक असते.

मुलांसाठी एकच करावे. खेळण्यांची फळी ठरवून द्यावी आणि तिच्यावर काय राहील हे त्यांना निवडू द्यावे. नवे आले तर कोणते उतरेल, तेही त्यांनीच सांगावे.

काही वस्तू टाकताना घाई करू नये. मुदत संपलेली औषधे मोरीत किंवा शौचालयात ओतू नयेत. ती परत घेणारी सोय जवळ आहे का, ते औषधविक्रेत्याला विचारावे. मोबाइलचे जुने सेल रोजच्या कचऱ्यात टाकू नयेत, कारण दाबले गेल्यास ते पेट घेऊ शकतात. गोल चपटे सेल लहान मुलाने गिळले तर अन्ननलिकेला काही तासांत गंभीर इजा होते, म्हणून ते सापडताच उंचावर, बंद डब्यात जावेत. जुना फोन देण्यापूर्वी त्यातली माहिती पुसावी आणि खाते क्रमांक असलेले कागद फाडून मगच द्यावेत. जन्माचे दाखले, मालमत्तेचे आणि शिक्षणाचे मूळ कागद, विम्याची पत्रे हे सगळे एका फायलीत आणि ती फाइल कुठे आहे ते घरातल्या दोन मोठ्या माणसांना माहीत, एवढे पुरे.

विकण्याजोग्या वस्तूंना दोन आठवड्यांची मुदत द्यावी. तोवर गिऱ्हाईक आले नाही, तर ती वस्तू गरजूला द्यावी, कारण ‘विकायचे आहे’ असे म्हणून कोपऱ्यात बसलेल्या सामानाने मी अख्ख्या खोल्या अडलेल्या पाहिल्या आहेत. सुरुवात बैठकीतल्या त्या खणापासूनच करा, जो आपल्या म्हणण्याप्रमाणे आता नीट मिटतही नाही. आणि ते सहा खोके तूर्त रिकामे करून एकात एक घालून ठेवा. दोन बहुधा लागतील, एक पुढच्या मापाच्या कपड्यांना आणि एक पांघरुणांना. बाकीचे परत घेण्याची मुदत उलटली नसेल तर दुकानात परत करा. त्यासाठी लागणारी पावती त्याच खणात असण्याची शक्यता मला बरीच वाटते.